पिकअप घेताना आपण कंपनी बघतो की मिस्तरी?

मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून पारावर, गॅरेजात, बाजार समितीच्या गेटवर एकच प्रश्न कानावर पडतोय, "कोणती पिकअप घेऊ?" कांदा असो, टोमॅटो असो, डाळिंब असो, आपल्या तालुक्यातला माल शेवटी पिकअपच्या हौद्यात बसूनच लिलावाला जातो. म्हणून हा हौसेचा प्रश्न नाही. आठ-दहा लाखांची गाडी आणि पाच वर्षांचा हप्ता. घर-जमीन सोडली तर बऱ्याच जणांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं कर्ज असतं.

आणि उत्तर देणारे तयारच असतात. "डोळे झाकून अमुक कंपनीची घे." कोणी महिंद्रावाला, कोणी टाटावाला, कोणी अशोक लेलँडच्या दोस्तवर जीव टाकणारा. निवडणुकीत पार्टी बदलतील पण गाडीची कंपनी बदलणार नाहीत अशी माणसं आहेत आपल्याकडं. मला त्या "डोळे झाकून" या शब्दावर लिहायचंय, कारण मीही तो वापरलाय आणि त्याची टोचणी लागली आहे.

गेल्या खरिपातली गोष्ट. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो घेऊन निघालो होतो. २० किलोचे १०५ कॅरेट. राहूड घाटात चढाला गाडीनं पॉवर सोडली. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटला, अॅक्सिलेटर दाबला तरी गाडी पुढं सरकेना. आमच्या मिस्तरीला फोन लावला. पंधरा वर्षं तो माझ्या गाड्या बघतोय. तो म्हणाला, "भाऊ, मला काय कळणार आता इथून? कॉम्प्युटर लावल्याशिवाय त्यात हात घालता येत नाही. टोचन करा अन् शोरूमला न्या." लिलाव हुकला. माल दुसऱ्या गाडीत भरून दुसऱ्या दिवशी विकला तर कॅरेटमागं ९० रुपये कमी, म्हणजे ९,४५० गेले. टोचनचे ४,०००. वर्कशॉपचं बिल १७,६००. गाडी पाच दिवस उभी, तेवढ्यात दोन तोडे भाड्याच्या गाडीनं पाठवले, त्याचे ६,४००. बेरीज करा, ३७,४५० रुपये. माझे दोन हप्ते त्यात बसून वर पैसे उरतात.

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. एका गाडीवरून कंपनी मोजता येत नाही, हे पुढं येईलच.

खरी गोष्ट याच्या पुढची आहे. महिनाभरानं बहिणीच्या घरी गेलो. भाचा पिकअप घ्यायच्या तयारीत. त्यानं विचारलं, "मामा, तुमची गाडी कशी आहे?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "एक नंबर. डोळे झाकून घे."

असं का म्हणालो? घरी येताना याच विचारात होतो. मी खोटं बोललो असं नाही, गाडीनं मला चार वर्षं कमावूनही दिलंय. पण मी अर्धंच सांगितलं. बैलबाजारात बैल विकताना कोणी खोड सांगत नाही, तसं झालं हे. फरक एवढाच की मी गाडी विकत नव्हतो. आपण लाखो रुपये घालून घेतलेल्या वस्तूला नाव ठेवणं म्हणजे आपल्याच अकलेला नाव ठेवणं, असं कुठंतरी मनात असतं. शिवाय गावात "याची गाडी सारखी बंद पडते" असं झालं तर भाडं मिळत नाही आणि उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक पाडून मागतं. म्हणून घाटातली गोष्ट घरात राहते आणि पारावर "एक नंबर" जातं. असं प्रत्येकाचं "एक नंबर" जमा होऊन त्या गाडीचं गावातलं नाव तयार होतं.

गाडीवाले काय म्हणाले

नंतर बातमीच्या निमित्तानं बाजार समितीत गेलो की लिलावाला थांबलेल्या पिकअपवाल्यांना विचारायला लागलो. पुढची गाडी कोणती घेणार? बहुतेकांचं उत्तर, "हीच." का? मग पार्ट कुठंही मिळतात, मिस्तरी गावातच आहे, विकताना पैसे येतात, फायनान्सवाला लगेच लोन करतो, चढाला ओढते, अशी कारणं आली. "बंद पडत नाही म्हणून" हे उत्तर फार थोड्यांनी दिलं. मला आधी नवल वाटलं, मग पटलं. आपण जिला कंपनीवरची निष्ठा म्हणतो ती खरं म्हणजे मिस्तरीवरची, पार्टच्या दुकानावरची आणि जुन्या गाडीच्या बाजारावरची निष्ठा आहे.

आणि ती वेडेपणाची नाही. दोन ते साडेतीन टनांच्या गटात देशात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या महिंद्राचा आहे. गाड्या जास्त म्हणून पार्ट जास्त, पार्ट जास्त म्हणून मिस्तरी तयार, मिस्तरी तयार म्हणून परत गाड्या जास्त. त्यात महिंद्राचा कारखाना आपल्या नाशिकला सातपूरमध्ये, अनेक घरातली पोरं तिथं कामाला गेलेली. माझ्या एका मित्रानं वेगळ्या कंपनीची गाडी घेतली, चांगली निघाली, पण एका साध्या पार्टसाठी आठ दिवस नाशिकच्या वाटेकडं डोळे लावून बसला. ऐन कांद्याच्या दिवसात. गाडी वर्षात एकदाच बंद पडली तरी आठ दिवस उभी राहत असेल, तर तीनदा बंद पडून त्याच संध्याकाळी सुरू होणारी गाडी शेतकऱ्याला परवडते. हा हिशोब आपल्या लोकांना कागदावर मांडता येत नसेल, पण अंगात मुरलेला आहे.

तरी ही निष्ठा कायमची नसते, हे जुन्या माणसांना माहीत आहे. एक काळ बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचा होता. लग्नाचं वऱ्हाड मॅटाडोर, भाजीपाला मॅटाडोर. आमच्या गावचे एक नाना अजून कुठल्याही टेम्पोला मॅटाडोरच म्हणतात. मग २००५ मध्ये टाटाची एस आली, तिला लोकांनी छोटा हत्ती नाव दिलं. दोन सिलिंडरचं इंजिन, पाऊण टन माल, गल्लीत वळणारी. ज्यांनी जन्मभर तीनचाकी चालवली त्यांनी एका हंगामात ती सोडली. २०११ ला अशोक लेलँडची दोस्त आली, २०१६ ला मारुतीची सुपर कॅरी. प्रत्येकीनं कोणाची ना कोणाची निष्ठा फोडली. मॅटाडोर बनवणाऱ्या कंपनीचं तर नावच २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "नाव बदललं असंल, इंजिनाचा आवाज अजून कानात आहे."

बोनेटवर नाव तेच, आत गाडी वेगळी

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. धूर कमी झाला, ते चांगलंच आहे. पण डिझेल गाडीत काजळी पकडणारी जाळी आली, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी काही वेळ एकसारख्या वेगानं पळाली की जाळीतली काजळी आपोआप जळून जाते. आपली गाडी कशी चालते? मळ्यातून गावात, गावातून बाजारात, लिलावाच्या रांगेत तासतास इंजिन चालू, पुढं सरकायचं दोन फूट. जाळी तुंबते. मग दिवा लागतो आणि इंजिन स्वतःला जपायला पॉवर कमी करतं. माझ्या गाडीला घाटात तेच झालं होतं, असं वर्कशॉपवाल्यानं सांगितलं. म्हणजे त्यात माझ्या वापराचाही वाटा होता. आठवड्यातून एकदा हायवेला थोडी मोकळी पळवा आणि दिवा लागला की चालढकल करू नका, एवढंच त्याचं सांगणं. हे मला गाडी देताना शोरूममध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

पंधरा वर्षांचा माझा मिस्तरी तिथं हतबल झाला. म्हणजे "मिस्तरी गावातच आहे" हे जे निष्ठेचं पहिलं कारण, तेच नव्या गाडीत कमजोर झालंय. २०१२ ची गाडी दगड मारला तरी सुरू व्हायची म्हणून २०२४ ची तशीच असेल, हे गृहीत धरणं चुकीचं आहे. हे सगळ्या कंपन्यांना लागू आहे. ज्या गाडीनं नाव कमावलं ती गाडी आता बनत नाही, आपण मात्र तिच्याच नावावर नवीन घेतोय. आता मिस्तरीनं स्कॅनर घेतला का, हे विचारायची वेळ आली आहे. आमच्यानं घेतला, कर्ज काढून.

मग बाकीच्या जगात लोक काय करतात? अमेरिकेत पिकअपचं वेड आपल्याहून मोठं. फोर्डची एफ-सीरीज १९७७ पासून तिथली सगळ्यात जास्त खपणारी पिकअप आहे. फोर्डवाले आणि शेवरोलेवाले अशी घराणीच असतात म्हणे, बाप तसा पोरगा. पण तिथं निष्ठेच्या जोडीला मोजमापही आहे. जे. डी. पॉवर नावाची संस्था तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या पहिल्या मालकांना विचारते, गेल्या बारा महिन्यांत काय काय बिघडलं? मग १०० गाड्यांमागं किती तक्रारी, असा आकडा काढून कंपन्यांची क्रमवारी लावते. आकडा जितका कमी तितकी गाडी चांगली. दुसरी कन्झ्युमर रिपोर्ट्स, १९३६ पासूनची. ती जाहिरात घेत नाही, तपासायच्या गाड्या स्वतः विकत घेते आणि सभासदांकडून बिघाडांची माहिती गोळा करते.

हे रेटिंगही देवाचा शब्द नाही. १०० गाड्यांमागच्या तक्रारी मोजताना मोबाईल स्क्रीनला न जोडणं हीही एक तक्रार आणि गिअर बॉक्स जाणं हीही एकच तक्रार. अलीकडं तिथं सगळ्यात जास्त तक्रारी स्क्रीन आणि म्युझिक सिस्टीमच्याच असतात. आपल्याला त्याचं काय करायचं? आणि चांगल्या नावाची कंपनीही घसरते. टोयोटा म्हणजे टिकाऊ, असं जगभर समीकरण. त्याच टोयोटाला २०२४ मध्ये अमेरिकेत टुंड्रा पिकअप आणि लेक्सस मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण कारखान्यात इंजिन बनवताना धातूचा कीस आत राहिला होता आणि चालता चालता इंजिन बंद पडायची भीती होती. तिथल्या मालकाला हे कळलं, कारण सांगणारी यंत्रणा होती.

आपल्याकडं मोबाईलवर शोधा. मायलेज सापडेल, हॉर्सपॉवर सापडेल, हप्ता किती ते सापडेल. पाचव्या वर्षी त्या मॉडेलचं इंजिन किती जणांना उघडावं लागलं, ते सापडत नाही. भारत एनकॅपचे स्टार २०२३ पासून सुरू झाले, पण ते प्रवासी गाड्यांसाठी आणि तेही अपघातातल्या सुरक्षेचे. पिकअप मालवाहू, ती त्यात बसत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था गाडी रस्त्यावर येण्याआधी मंजुरीसाठी तपासतात, पण तो नियमात बसते का याचा दाखला झाला. टिकते का, याचा नव्हे.

गंमत म्हणजे ट्रॅक्टरच्या बाबतीत आपलं सरकार पुढं आहे. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्राची संस्था आहे, तिथं ट्रॅक्टर तपासतात. पीटीओवर खरी ताकद किती, तासाला डिझेल किती, हायड्रॉलिक किती वजन उचलतं, हे सगळं मोजतात आणि शेवटी इंजिन खोलून झीजही बघतात. त्याचा अहवाल छापून येतो, कोणीही वाचू शकतो. जो शेतकरी ट्रॅक्टर घेतो तोच पिकअप घेतो. ट्रॅक्टरला बुदनी आणि पिकअपला फक्त पार, हे का? आपले आमदार-खासदार शोरूमच्या उद्घाटनाला फीत कापायला येतात, तेव्हा त्यांना हे विचारायला हरकत नाही.

कायद्यानं काहीच नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला सुधारणा झाली, कलम ११०-अ आलं. एखाद्या मॉडेलमध्ये धोकादायक दोष असेल आणि मालकांच्या ठराविक संख्येनं तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. आता बघा, हे सगळं तक्रारींच्या संख्येवर उभं आहे, आणि आपण तर "एक नंबर" म्हणून मोकळे होतो.

कंपन्या स्वतःहूनही गाड्या बोलावतात. २०२१ मध्ये महिंद्रानं जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या २९,८७८ पिकअप एका फ्लुइड पाइपची जोडणी तपासायला बोलावल्या होत्या, काम फुकट करून देणार होते. कंपनीनं दोष मान्य केला हे चांगलंच. पण असा निरोप नोंदवलेल्या मालकाला जातो. आपण जुनी गाडी घेतो, आरसी सहा-सहा महिने नावावर करत नाही, केली तरी मोबाईल नंबर पहिल्या मालकाचाच राहतो. निरोप जातो त्याला, पाइप आपल्या गाडीत. जुनी पिकअप घेणाऱ्यानं चासी नंबर घेऊन शोरूमला एकदा विचारावं, या गाडीचं असं काही काम बाकी आहे का.

आणि ग्राहक आयोग. शोरूमवाले सांगतात, "गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही." हे पूर्ण खरं नाही. २०१९ च्या कायद्यानुसार स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो ग्राहकच. दहा गाड्यांच्या ट्रान्सपोर्टवाल्याची गोष्ट वेगळी. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंत किमतीच्या वस्तूची तक्रार जाते, दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ५ ते १० लाखांच्या गाडीला फी फक्त २०० रुपये. आधी १९१५ या नंबरवर फोन करून बघा. प्रत्येक भेटीचा जॉब कार्ड जपून ठेवा. कागद नसेल तर आयोगही काही करू शकत नाही.

आता आपली बाजूही लिहितो, कारण कॉमेंटमध्ये कोणीतरी म्हणणारच. दीड टनाची गाडी, पाटे वाढवून अडीच टन भरतो. माझे १०५ कॅरेट म्हणजे २१ क्विंटल, रिकाम्या कॅरेटचं वजन वेगळं, आणि गाडी पास आहे त्यापेक्षा ते जास्तच होतं. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २० हजार दंड आणि वर जादा टनाला २ हजार, पण ते सोडा. क्लच प्लेट, गिअर बॉक्स, हाउसिंग यांची वॉरंटी मागायला गेलो की पहिलं बोट त्या वाढवलेल्या पाट्यांवर जातं. मग आपण म्हणतो कंपनी फसवते. ऑइल बाहेरून बदलायचं, सर्व्हिस चुकवायची आणि गाडी टिकाऊ नाही म्हणायचं, हेही बरोबर नाही. म्हणूनच एकाच्या अनुभवावरून कंपनीला चांगलं-वाईट म्हणता येत नाही. पन्नास-शंभर गाड्यांचं, भार आणि वापर धरून, एकत्र लिहून ठेवलं तरच काही कळतं.

हे आपल्याला जमणार नाही असं नाही. बाजार समितीच्या गेटवर प्रत्येक गाडीचा नंबर रोज लिहिला जातोच. गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्यात, त्यांच्याकडं दहा-वीस पिकअप लागलेल्या असतात. त्यांनी फक्त "उभे दिवस" लिहून ठेवायला सुरुवात करावी, म्हणजे कोणत्या मॉडेलची, कोणत्या सालची गाडी हंगामात किती दिवस गॅरेजला उभी राहिली. मायलेजवर आपण तासभर भांडतो, लिटरमागं एका किलोमीटरचा फरक असतो. पाच उभे दिवस त्या फरकाला गिळून टाकतात.

मी दिवाळीपासून वही घातली आहे. तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, किती दिवस, किती रुपये, गाडीत माल किती होता. शेवटचा रकाना लिहिताना हात अडखळतो.

गेल्या आठवड्यात भाच्याला फोन केला. राहूड घाटाची सगळी गोष्ट सांगितली, ३७,४५० चा हिशोबही. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, बुकिंगचे अकरा हजार भरले मी परवाच. तुमच्याच कंपनीची." मी म्हटलं, भरलेस तर भरलेस, गाडी वाईट नाही. पण डिलिव्हरीच्या आधी वर्कशॉप किती लांब आहे ते स्वतः जाऊन बघ, तिथं उभ्या असलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांशी बोल, आणि तुझ्या गावच्या मिस्तरीकडं स्कॅनर आहे का विचार.

काल त्याचा मेसेज आला. मिस्तरीकडं स्कॅनर नाही. वर्कशॉपला सात पिकअप उभ्या होत्या, त्यातल्या चार त्यानं बुक केलेल्या मॉडेलच्या. बुकिंग अजून रद्द केलेलं नाही. वहीच्या पानांचे फोटो पाठवा म्हणाला, ते पाठवले.